कैदी क्रमांक ७ : राउल वालेनबर्ग यांच्या शोधामागची ऐंशी वर्षे

१७ जानेवारी १९४५. बुडापेस्टच्या पेस्ट भागात सोव्हिएत फौजा शिरल्या होत्या. नदीपलीकडे बुडात जर्मन अजून लढत होते. स्वीडनच्या वकिलातीतले सचिव राउल वालेनबर्ग आणि त्यांचे चालक विल्मोश लांगफेल्डर सोव्हिएत सैनिकांच्या सोबतीने मोटारीने देब्रेत्सेनकडे निघाले. तिथे मार्शल मालिनोव्स्की यांचे मुख्यालय होते. त्याच दिवशी मॉस्कोत उपसंरक्षणमंत्री बुल्गानिन यांच्या सहीने वालेनबर्ग यांच्या अटकेचा हुकूम निघाला. ६ फेब्रुवारीला दोघेही मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात दाखल झाले. दोघांपैकी एकही परत आला नाही.

वालेनबर्ग मुरलेले मुत्सद्दी नव्हते. स्वीडनच्या बड्या बँकर घराण्यात ४ ऑगस्ट १९१२ ला जन्म, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात स्थापत्यशास्त्राचे शिक्षण आणि पुढे मध्य युरोपाशी व्यापार, एवढीच त्यांची शिदोरी. मे ते जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यू गाड्यांत कोंबून पाठवले गेले होते, बहुतेक सगळे ऑशवित्झच्या मृत्युछावणीला. अमेरिकेच्या ‘वॉर रेफ्यूजी बोर्डा’च्या पाठबळावर वालेनबर्ग ९ जुलैला बुडापेस्टला पोहोचले. स्वीडनचे तीन मुकुट छापलेला निळा-पिवळा ‘शुत्झपास’, म्हणजे संरक्षण-पत्र, हे त्यांचे हत्यार. हंगेरी सरकारने अशा ४,५०० पासांनाच मान्यता दिली होती. वाटले गेले त्याहून कितीतरी जास्त. जोडीला स्वीडनचा झेंडा लावलेली भाड्याची घरे, दवाखाने आणि स्वयंपाकघरे होती. या कामात स्वीडनचेच पेर आंगर, वाल्देमार लांगलेट, स्वित्झर्लंडचे कार्ल लुट्झ असे इतरही होते. म्हणून ‘एकट्या वालेनबर्गनी एक लाख लोक वाचवले’ हा आकडा जपून वापरावा. त्यांचे मोठेपण त्या आकड्यावर अवलंबून नाही.

बोर्डाचे स्टॉकहोममधले प्रतिनिधी आयव्हर ओल्सेन अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेसाठीही काम करत होते. सोव्हिएत प्रतिगुप्तचर यंत्रणा ‘स्मेर्श’ला संशय घ्यायला एवढे पुरेसे होते.

हातातला कागद

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद अटकेच्याही आदल्या दिवसाचा आहे. १६ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री देकानोझोव्ह यांनी मॉस्कोतल्या स्वीडिश वकिलातीला लेखी कळवले, की वालेनबर्ग सापडले असून त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था केली आहे. माणूस आपल्या ताब्यात असल्याची ही सरकारी कबुलीच होती. पुढे स्टॉकहोममधल्या सोव्हिएत राजदूत अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांनी वालेनबर्ग यांच्या आईला, माय फॉन दार्देल यांना, मुलगा रशियात सुखरूप असल्याचे सांगितले. स्वीडनच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या पत्नीलाही तेच सांगून त्यांनी गाजावाजा न करण्याचा सल्ला दिला. स्वीडनने तो सल्ला पाळला, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली.

८ मार्चला सोव्हिएत नियंत्रणाखालच्या हंगेरियन रेडिओने सांगितले, की वालेनबर्ग यांचा वाटेतच खून झाला. मॉस्कोतले स्वीडिश राजदूत स्टाफान सोडरब्लूम यांनी ही बातमी खरी धरली आणि देकानोझोव्हचा कागद मागे पडला. एप्रिलमध्ये अमेरिकेचे राजदूत हॅरिमन मदतीला तयार होते. सोडरब्लूम यांनी गरज नसल्याचे कळवले. १५ जून १९४६ ला ते स्वतः स्टालिनसमोर बसले. स्टालिनने वालेनबर्ग हे नाव लिहून घेतले, आणि त्याच भेटीत सोडरब्लूम यांनी आपले मत सांगून टाकले : वालेनबर्ग अपघाताला किंवा लुटारूंना बळी पडले असावेत. विचारणाऱ्यानेच उत्तर पुरवले, तर समोरच्याला खोटे बोलण्याचेही कष्ट पडत नाहीत. त्या घडीला वालेनबर्ग लेफोर्तोवो तुरुंगात जिवंत होते.

भिंतीवर टकटक करून त्यांच्याशी बोलणाऱ्या एका जर्मन कैद्याने सुटकेनंतर साक्ष दिली. वालेनबर्ग यांनी स्टालिनला फ्रेंचमध्ये अर्ज केला होता. चौकशी अधिकाऱ्याने त्यांना ऐकवले, की तुझे प्रकरण राजकीय आहे, आणि स्वीडनचे सरकार तुझ्यासाठी काहीच करत नाही, हाच तुझ्या गुन्ह्याचा पुरावा. १९४६ मध्ये स्वीडन सोव्हिएत संघाला एक अब्ज क्रोनरचे कर्ज देण्याचा करार करत होता. त्या वाटाघाटींत हे नाव पुढे रेटता आले असते. रेटले गेले नाही.

१८ ऑगस्ट १९४७ ला सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री विशिन्स्की यांनी लेखी उत्तर दिले : वालेनबर्ग सोव्हिएत संघात नाहीत, आम्हाला ते ठाऊकही नाहीत. स्वतःच्याच देकानोझोव्हच्या पत्राला छेद देणारे हे उत्तर स्वीडनचे परराष्ट्रमंत्री ओस्टेन उंडेन यांच्या खात्याने बराच काळ निमूट मानून घेतले.

साक्षी जमवणे

पारडे फिरले ते सुटून आलेल्या कैद्यांमुळे. १९५१ मध्ये एक इटालियन मुत्सद्दी परतला, १९५५-५६ मध्ये जर्मन युद्धकैदी. त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवून तेच प्रश्न विचारले गेले : कोठडी कोणती, शेजारी कोण, तारीख काय, चौकशीची भाषा कोणती. लुब्यांकात वालेनबर्ग यांच्यासोबत राहिलेला जर्मन कैदी गुस्ताव रिख्टर आणि लांगफेल्डरसोबत राहिलेले कैदी यांच्या साक्षी जुळत गेल्या. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांकडून त्या तपासून घेतल्या गेल्या, आणि १९५६ च्या वसंतात पंतप्रधान तागे एरलांडर यांनी मॉस्को भेटीत ते साहित्य सोव्हिएत नेत्यांच्या हाती दिले. नावे, तारखा आणि तुरुंग असलेला प्रश्न आता सोव्हिएत सरकारपुढे ठेवला गेला होता. वर्षभराच्या आत उत्तर बदलले.

सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांच्या ६ फेब्रुवारी १९५७ च्या निवेदनात म्हटले होते, की लुब्यांकाच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख स्मोल्त्सोव्ह यांची १७ जुलै १९४७ ची चिठ्ठी सापडली आहे. कैदी ‘वालेनबर्ग’ रात्री कोठडीत अचानक, बहुधा हृदयविकाराने, मरण पावला. शवविच्छेदन न करता दहनाचा हुकूम झाला. दोष राज्यसुरक्षामंत्री अबाकुमोव्ह यांच्यावर टाकला गेला, पण त्यांना १९५४ मध्येच गोळी घातली होती. स्मोल्त्सोव्हही १९५३ मध्ये वारले होते. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा आणि घेणारा, दोघेही उलटतपासणीच्या पलीकडे गेलेले होते.

पुढची तीस वर्षे तुटक हालचालींत गेली. १९८१ मध्ये अमेरिकेने मानद नागरिकत्व दिले. ठराव मांडणारे टॉम लँटोस हे बुडापेस्टहून वाचलेल्यांपैकीच. सावत्र भाऊ गी फॉन दार्देल यांनी अमेरिकी न्यायालयात सोव्हिएत संघावर दावा लावला. १९८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, नंतर तो रद्द झाला. आई आणि सावत्र वडील दोघेही १९७९ मध्ये उत्तराची वाट पाहत गेले.

नोंदवह्यांची भाषा

ऑक्टोबर १९८९ मध्ये केजीबीने कुटुंबाला मॉस्कोत बोलावून वालेनबर्ग यांचा पासपोर्ट, वही, चलन आणि तुरुंगाचे नोंदणी कार्ड सोपवले. १९९१ मध्ये स्वीडन आणि रशिया यांचा संयुक्त कार्यगट नेमला गेला, आणि तो दहा वर्षे चालला. शोधाचा सगळ्यांत समृद्ध काळ हाच, कारण आता प्रश्न तुरुंगाच्या कारभारातून उभा राहू लागला.

सोव्हिएत तुरुंग माणसाबरोबर कागदांची माळ तयार करत असे. आत येताना नोंदणी कार्ड, जप्त वस्तूंची पावती, वैयक्तिक फाइल, चौकशीला नेल्या-आणल्याच्या वेळा, एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवल्याची नोंद आणि पत्रांची आवक-जावक वही. एक कागद काढून टाकला तरी दुसऱ्या वहीत त्याचा माग राहतो. वालेनबर्ग यांची वैयक्तिक फाइल मिळाली नाही. पण चौकशीच्या वहीत शाईने खोडलेली नावे वाचता आली. त्यांतून कळले, की १ मार्च १९४७ ला ते लेफोर्तोवोतून पुन्हा लुब्यांकात आले आणि ११ मार्चला त्यांची चौकशी झाली. १७ जुलै १९४७ ला अबाकुमोव्हनी परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांना याच प्रकरणी पत्र पाठवल्याची नोंद आहे. पत्र मात्र नाही.

मॉस्कोच्या पूर्वेकडच्या व्लादिमीर तुरुंगात १९४७ नंतरही वालेनबर्ग दिसल्याच्या साक्षी होत्या. त्या तपासण्यासाठी मार्विन माकिनेन आणि ॲरी कॅप्लान या अभ्यासकांनी हजारो नोंदणी कार्डांवरून कोणत्या कोठडीत कोण कधी होते, याचा संगणकीय तक्ता बनवला. कागदावर ‘रिकाम्या’ राहिलेल्या कोठड्यांत खरोखर कोणी नव्हते का, हे ताडून पाहण्याची ही रीत होती. कष्टाची, पण साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा भरवशाची.

जानेवारी २००१ मध्ये कार्यगटाने एक नव्हे, दोन अहवाल दिले. रशियाच्या मते मृत्यू १७ जुलै १९४७ चा. स्वीडनने तो सिद्ध झाल्याचे मानले नाही. त्याआधी, डिसेंबर २००० मध्ये, रशियाच्या महाभियोक्त्यांनी वालेनबर्ग आणि लांगफेल्डर यांना राजकीय दडपशाहीचे बळी म्हणून जाहीर केले. पण कसे मेले, हे त्यात नव्हते. २००३ मध्ये स्वीडनच्या चौकशी आयोगाने १९४५-४७ मधल्या आपल्याच सरकारच्या वागण्याला राजनैतिक अपयश म्हटले.

मग आला कैदी क्रमांक ७. २००९ च्या अखेरीस रशियाच्या सुरक्षा सेवेच्या अभिलेखागाराने सुझान बर्गर आणि वादिम बिर्स्टाइन या अभ्यासकांना कळवले, की २३ जुलै १९४७ च्या सुमारास लुब्यांकात सोळा तासांहून अधिक काळ चौकशी झालेला ‘कैदी क्रमांक ७’ बहुधा वालेनबर्ग होते. लांगफेल्डर आणि शांदोर काटोना नावाचा आणखी एक कैदी यांचीही चौकशी तेव्हाच झाली. हे खरे असेल, तर स्मोल्त्सोव्हच्या चिठ्ठीतला मेलेला माणूस सहा दिवसांनी चौकशीला बसला होता. अभ्यासकांनी ताबडतोब चौकशीच्या वहीतल्या त्या पानांची न झाकलेली प्रत मागितली. ती मिळाली नाही.

२०१६ मध्ये केजीबीचे पहिले प्रमुख इव्हान सेरोव्ह यांच्या टिपणांत वालेनबर्ग यांना १९४७ मध्ये ठार केल्याचा उल्लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्वीडनच्या कर खात्याने त्यांना कायद्याने मृत घोषित केले. कागदोपत्री तारीख ३१ जुलै १९५२. वारसा आणि नोंदणीसाठी लागणारी ही तारीख नियमाने ठरलेली असते, तपासातून निघालेली नसते. तिला शोधाचा निष्कर्ष समजणे ही वारंवार होणारी गफलत आहे.

पुतणी मारी द्यूप्वी यांनी २०१७ मध्ये सुरक्षा सेवेविरुद्ध मॉस्कोच्या मेश्चान्स्की न्यायालयात दावा लावला. ‘सगळे सांगा’ असे त्यात नव्हते. मूळ दस्तऐवज आणि त्यांच्या न झाकलेल्या प्रती एवढीच मागणी होती. त्या पानांवर इतर कैद्यांचीही खासगी माहिती आहे, असे सुरक्षा सेवेचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला.

आज मागणी तीन गोष्टींची आहे : जुलै १९४७ ची चौकशी-वहीची पूर्ण पाने, अबाकुमोव्हच्या पत्राचा मजकूर, आणि वैयक्तिक फाइल किंवा ती नष्ट केल्याचा पंचनामा. चौथी गोष्ट सहसा मागितली जात नाही, ती मागायला हवी : विल्मोश लांगफेल्डर यांची फाइल. दोघे एकाच मोटारीतून निघाले होते, आणि २३ जुलैच्या त्या चौकशीतही लांगफेल्डरचे नाव आहे.