गर्भपात करून घ्यायचा असेल तर: सांगली जिल्ह्यातल्या बायकांसाठी पात्रता, सही आणि कागदपत्रं

‘नवऱ्याची सही आणा, मग बघू’ असं सांगून बाईला परत पाठवण्याचे प्रकार अजूनही होतात. कायद्यात अशी अट कुठेही नाही. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवरा, सासू, आई-वडील, कुणाचीही सही लागत नाही. ही संमती ‘फॉर्म सी’वर घेतात. त्यात नाव, वय, पत्ता, कुठल्या रुग्णालयात गर्भपात करून घेणार ते आणि खाली सही एवढंच असतं. नवऱ्याच्या सहीला त्यावर जागाच नाही. मुलगी १८ च्या आतली असेल किंवा बाईला मानसिक आजारासाठी उपचारांची गरज असेल, तर मात्र पालकाची लेखी संमती लागते.

दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात (एमटीपी कायदा) २०२१ साली सुधारणा झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा ठरावीक परिस्थितीतच आहे: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट, गंभीर अपंगत्व, मानसिक आजार, बाळात गंभीर व्यंग, आपत्ती. अविवाहित बाईलाही ही मुभा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. बलात्काराच्या कारणासाठी आधी एफआयआर हवाच, असंही नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण तिने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव कळवायची गरज नाही.

बऱ्याच जणींना माहीत नसतं की बाईच्या मनावर होणारा गंभीर आघात हे कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. तांबी, निरोध, गोळ्या फसल्या आणि नको असताना दिवस गेले, तर त्याचा मनस्ताप हाच मानसिक आरोग्याला गंभीर इजा धरता येतो, असं कायद्यात लिहिलं आहे. २०२१ पासून यात लग्न झालेली-न झालेली असा भेद राहिलेला नाही. घरची परिस्थितीही डॉक्टरांनी विचारात घ्यायची असते. म्हणून झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, घरात मारहाण होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. २० आठवड्यांच्या आत मनोविकारतज्ज्ञाचा वेगळा दाखला कायदा मागत नाही. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवा, लपवू नका.

कुठे जायचं? सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दिसतं का ते आधी पाहा. दिसलं नाही तर विचारा, यात संकोच नको. म्हैसाळमध्ये २०१७ साली बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले, हे आपला जिल्हा विसरलेला नाही. गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. बाईच्या मर्जीविरुद्ध गर्भपात घडवून आणणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ नुसार जन्मठेपही होऊ शकते. तिच्या संमतीला दोन्ही बाजूंनी तेवढंच वजन आहे.

केसपेपरसाठी ओळखपत्र, असल्यास सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवा. शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या.

सही करण्याआधी डॉक्टरांनी नीट समजावून सांगायला हवं आणि ते ऐकून घेणं हा तुमचा हक्क आहे. गोळ्यांनी होईल की पिशवी साफ करावी लागेल? गोळ्यांचा पर्याय नऊ आठवड्यांपर्यंतच आहे. दुखेल किती, रक्तस्राव किती दिवस राहील, तपासणीला परत कधी यायचं? सलग दोन तास तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील किंवा ताप उतरत नसेल तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं, हे प्रत्येकीला सांगितलंच पाहिजे. तांबी बसवली किंवा ऑपरेशन केलं तरच गर्भपात करू, अशी अट कुणी घातली तर ती मान्य करायचं कारण नाही. समजलं नाही तर सही थांबवा आणि पुन्हा विचारा.

गावात कळेल या भीतीने कितीतरी जणी उशीर करतात. खरं तर नाव फक्त भरती रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, पुढच्या तपासणीचं कार्ड, सगळीकडे त्या रजिस्टरमधला अनुक्रमांक. फॉर्म सी आणि डॉक्टरांचं मत पाकिटात बंद करून वर ‘गोपनीय’ लिहून ठेवायचं. कायद्याने परवानगी दिलेल्या व्यक्तीशिवाय दुसऱ्या कुणाला नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

२४ आठवडे उलटले आणि बाळात गंभीर व्यंग निघालं, तर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाकडे जातं. बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. इतर कारणांसाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याच्या लोकांसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये आहे, मुंबई गाठावी लागत नाही. बाईच्या जिवालाच तातडीचा धोका असेल तर आठवड्यांची मर्यादा लागू नाही.

गर्भपातानंतर कुणाला सुटल्यासारखं वाटतं, कुणाला रडू येतं, कुणाला दोन्ही होतं. उदासी हटत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन उचलतात.