हात उगारायचा हक्क कुणाचा?

१३४०च्या दशकातलं ऑक्सफर्ड जेमतेम सात हजार वस्तीचं होतं, आणि तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये बाचाबाची झाली की बघता बघता मुडदा पडायचा. अशा मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर पंच जमवून प्रेत पाहायचा. जखम किती लांब-खोल, हत्यार कोणतं, त्याची किंमत काय, हे सगळं तो लिहून ठेवायचा. ती दप्तरं आजही शाबूत आहेत. त्यांवरून केंब्रिजच्या संशोधकांनी जो हिशेब मांडला, त्यानुसार तिथं दर लाख वस्तीमागे वर्षाला ६० ते ७५ खून होत. ज्या मारेकऱ्यांची ओळख नोंदवली गेली, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विद्यापीठाच्या वर्तुळातले होते. आज इंग्लंडमध्ये हाच दर लाखामागे एकच्या आसपास आहे.

सातशे वर्षं म्हणजे उत्क्रांतीच्या दृष्टीनं काहीच नाही. मेंदू तोच, राग तोच, दारूही तीच. मग खून घटले ते माणूस सुधारला म्हणून, की पोलीस आले म्हणून? हा प्रश्न 'हे की ते' असा विचारला जातो आणि तिथंच घोटाळा होतो असं मला वाटतं. गेल्या पंचवीस वर्षांतले प्रयोग पाहिले तर दिसतं की स्वतःच्या बचावाची जबाबदारी विश्वासाच्या तिऱ्हाइताकडे सोपवता आली, की माणसाची आतली नीतीही हळूहळू बदलते. तो तिऱ्हाईत भरवशाचा नसेल, तर सभ्य माणसंही पुन्हा हत्यार उचलतात.

आधी वारशाचं पाहू. होसे मारिया गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांच्या १,०२४ जातींची माहिती एकत्र केली. सस्तन प्राण्यांत सरासरी हजारातले तीन मृत्यू आपल्याच जातीच्या हातून होतात. वंशवृक्षातली माणसाची जागा पाहता त्याच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात दोन निघालं. इतिहासात काही काळ ते याच्या कितीतरी वर गेलं आणि आधुनिक राज्यांत खूपच खाली आलं. भारतात १९९२ साली लाख लोकसंख्येमागे ४.६ खून नोंदले गेले होते, २०२२ मध्ये २.१. हिंसेची क्षमता जन्मजात असली, तरी तिचं प्रमाण परिस्थितीनुसार एवढं खालीवर होतं.

न्यायानं वागण्याची ओढही आपल्यात तितकीच खोल आहे. झ्युरिचमध्ये अर्न्स्ट फेअर आणि सिमॉन गेख्टर यांनी विद्यार्थ्यांना चौघांच्या गटात बसवून खऱ्या पैशांचा खेळ खेळायला लावला. प्रत्येकाला २० एकक रक्कम मिळे. त्यातलं एक एकक सामायिक कामात घातलं की चौघांनाही ०.४ मिळे. सगळ्यांनी सगळं घातलं तर सर्वांचाच फायदा, पण स्वतः काही न घालता इतरांच्या जिवावर खाणारा सगळ्यांत जास्त कमावणार. दर फेरीत गट बदलत, त्यामुळे पुढच्या वेळी परतफेड होईल ही आशा नाही. अशा खेळात सहकार्य फेरीगणिक आटत गेलं. मग पदरचं एक एकक खर्चून ऐतखाऊचे तीन कापायची मुभा दिली. लोकांनी स्वतःची झीज सोसून दंड केला आणि सहकार्य वाढलं.

इथवर सगळं छान वाटतं. पण २००८ मध्ये हाच प्रकार जगातल्या १६ शहरांत करून पाहिला तेव्हा वेगळंच निघालं. बॉस्टन किंवा नॉटिंगहॅममध्ये दंड मुख्यतः ऐतखाऊंना बसला. अथेन्स आणि मस्कतसारख्या ठिकाणी मात्र सर्वांत जास्त वाटा उचलणाऱ्यांनाही भरपूर दंड झाला. 'तू कोण मला शिकवणारा?' असा सूड. जिथं कायद्याच्या राज्यावर लोकांचा विश्वास कमी, तिथं हा सूड जास्त आढळला. शिक्षा करण्याची प्रेरणा सगळीकडे होती, पण ती वैयक्तिक हिशेब चुकते करायला लागली की सहकार्य कोलमडलं.

यापेक्षाही मला बोलका वाटतो तो फाशाचा प्रयोग. गेख्टर आणि योनाथन शुल्त्स यांनी तो २३ देशांतल्या अडीच हजारांवर तरुणांवर केला. खोलीत एकट्यानं फासा दोनदा टाकायचा आणि पहिल्या वेळी पडलेला आकडा सांगायचा. पाच सांगितला तर सर्वांत जास्त पैसे, सहा सांगितला तर शून्य. बघायला कुणी नाही, पकडलं जायची शक्यता नाही. संशोधकांना एकेकट्याचं खोटं कळत नव्हतं, पण शेकडो उत्तरं एकत्र आली की पाच आणि चार किती वेळा 'पडले' यावरून अंदाज येत होता. सर्रास धडधडीत खोटं बोलणारे कुठल्याच देशात फारसे निघाले नाहीत. बहुतेकांनी मनाला पटेल एवढीच लबाडी केली: दोन वेळांपैकी जी चांगली, ती 'पहिली' म्हणून सांगितली. आता मुख्य गोष्ट. ज्या देशांत भ्रष्टाचार, करचुकवेगिरी आणि निवडणुकीतले गैरप्रकार जास्त होते, तिथल्या मुलांनी जास्त खोटे आकडे सांगितले. हे मोजमाप २००३ सालचं, म्हणजे ही मुलं लहान असतानाचं. तो भ्रष्टाचार त्यांनी केलेला नव्हता. परस्परसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरी कुणी पाहत नसतानाचा प्रामाणिकपणाही सभोवतालच्या कारभाराशी बांधलेला दिसतो, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ एन्गा प्रांतात हेच चढउतार जवळून पाहता आले. तिथल्या कुळांच्या लढाया धनुष्यबाणांनी होत आणि शेवटी डुकरं देऊन भरपाई केली जाई. १९९०च्या सुमारास बंदुका आल्या. तरुण टोळ्यांनी वडीलधाऱ्यांना बाजूला सारलं आणि एकेका लढाईतले बळी कैकपट वाढले. शेजाऱ्याकडे बंदूक आली की आपल्याकडेही हवीच, हा प्रत्येकाचा युक्तिवाद स्वसंरक्षणाचाच होता. पॉली वीस्नर आणि एन्गाचेच निट्झे पुपू यांनी दोन दशकांतल्या सुमारे ५०० लढायांची नोंद ठेवली. लोक थकले, चर्चनं शब्द टाकला, गावन्यायालयांना बळ आलं आणि २००० नंतरच्या दशकात बळींची संख्या पुन्हा उतरली. दुर्दैवानं ही सुधारणा टिकली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच प्रांतात एका चकमकीत डझनावारी माणसं मारली गेली.

आपल्याकडचा कायदा या प्रश्नाकडे बारकाईनं पाहतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं व मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क देतात. गंभीर प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण कलम ३७ दोन कुंपणं घालतं: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. मुद्दा वेळेचा आहे. पोलीस पोहोचेपर्यंतच्या त्या काही मिनिटांपुरता राज्यसंस्था आपला अधिकार नागरिकाच्या हाती देते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं जमावानं हे कुंपण तोडलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी घेरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथंच ठेचून मारलं. मोबाइलवरच्या अफवांनी आधीच डोकी भडकली होती. पाचही जण बंद खोलीत होते, त्यांच्यापासून कुणालाच धोका उरला नव्हता. पोलिसांना बोलवायला वेळच वेळ होता. आपली लेकरं वाचवण्याची भावना मुळात नैतिकच, पण शहानिशा करणारा तिऱ्हाईत मध्ये नसला की ती निरपराधांच्या जिवावर उठते.

मग सगळं सरकारवर सोपवावं का? रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं मारली गेली. ती कत्तल सरकारी यंत्रणेनं चालवली, आणि तिच्यासाठी उभारलेल्या योजनेचं नाव होतं 'नागरी स्वसंरक्षण'. राज्यसंस्था स्वतःच टोळी झाली, तर तिच्या हातचा दंडुका एन्गातल्या बंदुकांहून भयंकर असतो. म्हणूनच तिला जाब विचारणारी न्यायालयं आणि पत्रकार हवेत, आणि निवडणुकाही.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला आणि असे खटले जलदगती न्यायालयात चालवायला सांगितलं. आदेश योग्य आहे. पण देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत. आपल्या हयातीत निकाल लागेल असं ज्या शेतकऱ्याला वाटत नाही, त्याला बांधाच्या भांडणात काठी खाली ठेवायला सांगणं अवघड आहे. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणं आणि ठाण्यात आलेल्याची तक्रार त्याच दिवशी नोंदवून घेणं, ही कामं मी प्रशासनाच्या खात्यात टाकत नाही. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तेही नीतिशिक्षण आहे.