लिनक्सवरील संगणकसाहाय्यित आरेखन

लिनक्स या मुक्त-स्रोत प्रचालन प्रणालीवर यंत्रभाग, इमारती व विद्युत् मंडले यांची आरेखने करण्यासाठी उपलब्ध असलेली आज्ञावली आणि तिची निवड. विद्युत् मंडलांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न फारसा उरलेला नाही. झ्याँ-प्येअर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली कायकॅड ही आज्ञावली २०१३ पासून सर्न या संशोधनसंस्थेच्या साहाय्याने झपाट्याने वाढली आणि आज बहुतेक कामांना ती पुरते. यांत्रिक व वास्तुआरेखनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे निवड आज्ञावलीतील सोयींवरून कमी आणि फाईलचा प्रकार व भूमितीय गाभा (घनाकृतींचे गणित करणारा आज्ञावलीचा भाग) या दोन गोष्टींवरून अधिक ठरते, म्हणून पुढील विवेचनात त्यांनाच जागा दिली आहे.

ऑटोडेस्क कंपनीची ऑटोकॅड ही आरेखन आज्ञावली लिनक्सवर नाही, याचे कारण तांत्रिक असल्याचे बरेचदा सांगितले जाते. ते पूर्णतः पटण्यासारखे नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेले ऑटोकॅड पुढे युनिक्स, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर रचली आहे त्या प्रणालीच्या, निरनिराळ्या यंत्रांवरही मिळत असे. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ही सोय होती, १९९७ ची चौदावी आवृत्ती मात्र केवळ विंडोजसाठी निघाली. लिनक्सचा प्रसार होऊ लागला नेमक्या त्याच सुमारास निर्मात्यांनी युनिक्स बाजार सोडला होता. निर्णय व्यापारी होता असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण २०१० मध्ये मॅकसाठी, म्हणजे युनिक्स घराण्यातल्याच प्रणालीसाठी, ऑटोकॅड पुन्हा निघाले.

पहिली मुक्त-स्रोत कॅड (संगणकसाहाय्यित आरेखनाची) आज्ञावली कोणती, याबद्दल एकवाक्यता नाही. बीआरएल-कॅडचा दावा सर्वांत जुना आहे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी तिचे काम १९७९ च्या सुमारास हाती घेतले. संगणक-जाळ्यांवर रोज वापरली जाणारी ‘पिंग’ ही छोटी आज्ञावलीही याच म्यूस यांची. घन, गोल, शंकू यांसारख्या मूळ घनाकृतींची बेरीज-वजाबाकी करून रणगाड्यासारखी वस्तू उभी करायची आणि तिच्यातून किरण सोडून मारा कुठे बसेल हे पाहायचे, हा तिचा मूळ हेतू. ती १९८० नंतरच्या दशकात बाहेर वितरित होऊ लागली, पण मुक्त परवान्याखाली आली डिसेंबर २००४ मध्ये. परवाना हा निकष धरला तर स्वित्झर्लंडमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेली क्यूकॅड आणि २००२ मध्ये पहिली आवृत्ती निघालेली फ्रीकॅड या दोन्ही तिच्या आधीच्या ठरतात. प्रस्तुत नोंदीत परवान्याचा निकष ग्राह्य धरला आहे, कारण लिनक्सच्या वितरणांत (प्रणाली व आज्ञावलींच्या तयार संचांत) आज्ञावली समाविष्ट होते ती परवान्यामुळे, वयामुळे नव्हे.

फाईलचे प्रकार : व्यवहारात सर्वाधिक अडचण येते ती डीडब्ल्यूजी या प्रकाराची. ऑटोकॅडच्या या द्विमान (बायनरी) फाईलची रचना तिच्या निर्मात्यांनी उघड केलेली नाही, आणि दर काही वर्षांनी ती बदलते. अशी फाईल साध्या मजकूर-संपादकात उघडली तर बाकी सगळा अगम्य चिन्हांचा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरे स्वच्छ वाचता येतात. ‘एसी१०१५’ असेल तर फाईल २००० च्या रचनेची, ‘एसी१०२७’ असेल तर २०१३ ची आणि ‘एसी१०३२’ असेल तर २०१८ ची. आलेली फाईल उघडत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ही सहा अक्षरे पाहून घ्यावीत. पुष्कळदा आज्ञावली सदोष नसते, फाईल तिच्या आवाक्यापेक्षा नवी असते.

ही रचना उलगडण्याचे दोन संघटित प्रयत्न झाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, आता ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाने आज्ञावलींचा संच तयार केला. तो सभासद कंपन्यांना शुल्क घेऊन दिला जातो, मुक्त-स्रोत नाही. ऑटोडेस्कने २००६ मध्ये या संघावर दावा लावला होता, तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. दुसरा प्रयत्न ग्नू या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पातील लिब्रेडीडब्ल्यूजीचा. येथे अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. लिब्रेडीडब्ल्यूजीला ग्नू सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती लागू आहे, तर क्यूकॅडच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून सुमारे २०१० मध्ये फुटून निघालेल्या लिब्रेकॅडला फक्त दुसरी. दोन्ही मुक्त असूनही ही दोन परवानापत्रे एका आज्ञावलीत एकत्र नांदू शकत नाहीत. परिणामी लिब्रेकॅडच्या मंडळींनी स्वतःची वाचनसंहिता लिहिली. ती जुन्या डीडब्ल्यूजी फाईली बऱ्यापैकी वाचते, लिहिण्याच्या बाबतीत मात्र डीएक्सएफ या दुसऱ्या फाईल-प्रकारावरच भिस्त ठेवावी लागते. फ्रीकॅडमध्ये डीडब्ल्यूजी उघडताना पडद्यामागे वेगळा रूपांतरक चालवला जातो. उपरोक्त संघाचा विनामूल्य रूपांतरक लिनक्सवर चालतो व पुष्कळ जण तोच बसवतात.

डीएक्सएफ हा प्रकार प्रकाशित आहे आणि साध्या मजकुरात असतो. एका ओळीवर संकेतांक व पुढच्या ओळीवर त्याचे मूल्य, अशा जोड्यांची ती लांबलचक यादी असते. रेषेसाठी ० या संकेतांकाखाली वस्तूचे नाव येते, ८ खाली लेअरचे (आरेखनातील थराचे) नाव, १० व २० खाली आरंभबिंदूचे निर्देशक आणि ११ व २१ खाली अंत्यबिंदूचे. या रचनेत एक खाच आहे. रेषेची लांबी १०० असे नुसते लिहिलेले असते, मिलिमीटर की इंच हे शीर्षभागातील वेगळ्या नोंदीवरून ठरते आणि ती नोंद नेहमी असतेच असे नाही. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगला दिलेला भाग २५.४ पट (एका इंचातील मिलिमीटर) मोठा वा लहान निघण्याचे हे नेहमीचे कारण होय. फाईल देण्यापूर्वी एक ज्ञात माप मोजून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

त्रिमितीय घनांसाठी स्टेप हा आंतरराष्ट्रीय मानक प्रकार सर्वांत विश्वासार्ह. मात्र त्यात अंतिम आकार जातो, तो कसा घडवला याचा क्रम जात नाही.

भूमितीय गाभा : घनाकृतींचे पृष्ठभाग, कडा व छेद यांचे गणित करणारा आज्ञावलीचा भाग. व्यापारी आज्ञावलींमागे बहुधा पॅरासॉलिड किंवा एसिस असतो. मुक्त क्षेत्रात त्या तोडीचा एकच आहे, ओपन कॅस्केड. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीने तो घडवला आणि १९९९ मध्ये खुला केला. त्याचा आधीचा परवाना काही लिनक्स वितरणांना पुरेसा मुक्त वाटत नव्हता, २०१३ च्या अखेरीस तो बदलल्यावर ही हरकत मिटली. फ्रीकॅड याच गाभ्यावर उभी आहे. त्यामुळे गुंतागुंतीच्या कडा गोलावताना ती अडते, तेव्हा दोष फ्रीकॅडचा की गाभ्याचा हे ओळखणे वापरणाऱ्याला अवघड जाते.

फ्रीकॅडवरील जुना आक्षेप मात्र गाभ्यापुरता नव्हता. ठोकळ्याच्या सहाव्या पृष्ठावर छिद्र पाडले, नंतर मूळ रेखाकृतीत एक खाच वाढवली, की पृष्ठांचे क्रमांक नव्याने पडत आणि छिद्र भलत्याच बाजूला जाई किंवा प्रतिकृतीच मोडे. ‘सांस्थितिक नामकरणाचा प्रश्न’ म्हणून हा दोष कुप्रसिद्ध होता. एका स्वयंसेवकाने स्वतंत्र शाखेत त्यावर दीर्घकाळ काम केले. ते मुख्य प्रवाहात आणून नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोष समूळ गेला असे म्हणवत नाही, पण नव्या आवृत्तीत तो क्वचित आढळतो. लिनक्स वितरणांच्या स्थिर भांडारांत बहुधा जुनी आवृत्ती असते, तेव्हा फ्रीकॅड ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅक या, वितरणाच्या भांडारावर अवलंबून नसलेल्या, स्वरूपात घेणे श्रेयस्कर.

ओपनएससीएडी ही निराळ्या वळणाची आज्ञावली. तीत माउसने काढायचे काही नसते, वस्तूचे वर्णन लिहायचे असते. घनातून दंडगोल वजा करा असे लिहिले की छिद्र पडते. मापे बदलून तोच भाग पुन्हापुन्हा काढायचा असेल तर ती सोयीची. पण तिच्यातील वर्तुळ खरे वर्तुळ नसते. काहीच सांगितले नाही तर १० मिमी. त्रिज्येचे वर्तुळ ३० बाजूंचा बहुभुज म्हणून येते आणि निर्यात होते ती त्रिकोणांची जाळी. त्रिमितीय मुद्रणाला ते चालते, लेथवर किंवा मिलिंगवर काम करणाऱ्याला स्टेप फाईल हवी असते आणि ती येथून मिळत नाही. जॉनथन वेस्टह्यूज यांची सॉल्व्हस्पेस आटोपशीर असून यंत्रणांच्या हालचाली तपासण्यास चांगली. त्रिमितीय कडा गोलावण्याची तयार आज्ञा तीत नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या व्यापारी आज्ञावलींपैकी बेल्जियममधील ब्रिक्सकॅड डीडब्ल्यूजीवरच काम करते, म्हणून ऑटोकॅडला सरावलेल्यांना ती सर्वांत जवळची. चेक प्रजासत्ताकातील व्हॅरिकॅड यांत्रिक कामासाठी आहे. ड्राफ्टसाइटची विनामूल्य लिनक्स आवृत्ती २०१९ च्या अखेरीस बंद झाली. जुन्या लेखांत तिची शिफारस आढळते, ती आता गैरलागू आहे. ऑनशेप ही २०१५ पासूनची आज्ञावली ब्राउझरमध्ये चालत असल्याने प्रचालन प्रणालीचा प्रश्नच उरत नाही, परंतु तिच्या विनामूल्य योजनेत आरेखने सार्वजनिक राहतात.

महाराष्ट्रात वास्तुविशारदाची निवड बरीचशी बाहेरूनच ठरते. ऑटोडीसीआरसारख्या प्रणालींतून बांधकाम-नकाशे तपासणाऱ्या महापालिकांना नकाशा ठरावीक नावांच्या लेअरवर काढलेला लागतो आणि त्याची पूर्वतयारी ऑटोकॅडच्या वातावरणात होते. यांत्रिक व स्थापत्य शिक्षणात चित्र थोडे निराळे आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या प्रकल्पातील ऑसडॅग ही पोलादी जोडांच्या अभिकल्पाची आज्ञावली आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार गणित करते आणि त्रिमितीय चित्रासाठी ओपन कॅस्केडच वापरते. मराठी अक्षरांकनाची अडचण अद्याप आहे. लिब्रेकॅडच्या स्वतःच्या अक्षरसंचात प्रत्येक युनिकोड चिन्हाला एक रेषाकृती असते, त्यामुळे जोडाक्षरे जुळत नाहीत आणि ऱ्हस्व इकार आपल्या जागी येत नाही. नकाशावर मराठी मजकूर हवा असल्यास तो इंकस्केप या चित्रांकनाच्या आज्ञावलीत लिहून, त्याचे आकारांत रूपांतर करून आणतात. असा मजकूर छापून नीट येतो, पण नंतर अक्षरे म्हणून दुरुस्त करता येत नाही.