अर्थव्यवस्थेला नळ बसवणारा माणूस

आमच्या सोसायटीत सोलर गच्चीवर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी पाईपमधलं गार पाणी वाहून जाणार, मग कोमट, मग कधीतरी गरम. घरच्यांना सवय आहे पण पाहुणा आला की हमखास चटका खातो. गार लागतंय म्हणून नळ फुल्ल सोडतो, काहीच होत नाही, थोडा वेळ थांबतो, आणि मग एकदम कडकडीत पाणी अंगावर. घाबरून गारचा नळ फुल्ल, तर मिनिटभराने हुडहुडी. नळात दोष नाही, पाण्यातही नाही, दोष आहे तो मधल्या उशिराचा. आणि या उशिरावर ज्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं तो माणूस प्रसिद्ध झाला भलत्याच गोष्टीसाठी, म्हणून हा लेख.

त्याचं नाव बिल फिलिप्स. एमपीएससी, यूपीएससी केलेल्या कुणालाही विचारा, 'फिलिप्स कर्व्ह' पाठ असतो: बेरोजगारी कमी झाली की महागाई वाढते, बेरोजगारी वाढली की महागाई उतरते, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी, दोन मार्क. हा फिलिप्स कोण हे मात्र कुणी सांगत नाही. मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की असेल कुणी टाय लावलेला इंग्रज प्रोफेसर.

तो न्यूझीलंडचा. १९१४ चा जन्म, डॅनेव्हर्क गावाजवळ दुधाचा धंदा करणारं शेतकरी घर. वडील इतके खटपटे की त्या भागात वीज यायच्या आधी त्यांनी पाणचक्की लावून घरात दिवे पेटवले होते. पोरगाही तसाच, शाळेत असताना भंगारातला ट्रक दुरुस्त करून तोच चालवत शाळेत जायचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि जलविद्युत केंद्रावर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकायला लागला. मग ऑस्ट्रेलिया, तिथे मिळेल ते काम, त्यात मगरींची शिकारही आली. १९३७ मध्ये चीनला निघाला तर वाटेतच जपानने चीनवर हल्ला केला, मग हा वळसा घालून ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने रशिया ओलांडून लंडनला पोचला आणि तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला.

युद्धात रॉयल एअर फोर्समध्ये, पोस्टिंग सिंगापूर. सिंगापूर पडायच्या तोंडावर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, 'एम्पायर स्टार' नावाच्या मालवाहू जहाजावर दोन हजारांहून जास्त माणसं कोंबून निघाली होती, वरून जपानी विमानं बॉम्ब टाकतायत, आणि या पठ्ठ्याने डेकवर मशीनगन बसवायची काहीतरी जुगाड करून ती चालवली. त्याबद्दल नंतर एमबीई हा किताब मिळाला. पण जावा बेटावर शेवटी जपान्यांच्या हाती सापडलाच आणि साडेतीन वर्षं युद्धकैदी. तिथे इतर कैद्यांकडून चिनी भाषा शिकला, लपवता येईल एवढासा रेडिओ बनवला, आणि कॅम्पच्याच विजेवर पाणी तापवायचं यंत्र केलं. सोबतच्या कैद्यांच्या आठवणी आहेत की रात्री सगळ्यांचा चहा उकळायला लागला की कॅम्पमधले दिवे मंद व्हायचे आणि पहारेकऱ्यांना कारण कळायचं नाही.

हे सगळं सांगायला थोडा वेळ घेतला, कारण यापुढचं या हातांमुळेच झालं.

युद्ध संपल्यावर तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला गेला. हो, तीच संस्था, जिथून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. केली. फिलिप्सचं समाजशास्त्रात काही लक्ष लागेना, कसाबसा पास झाला, पण कोर्समध्ये अर्थशास्त्राचा थोडा भाग होता आणि तेव्हा सगळीकडे केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची चर्चा. उत्पन्नाचा 'प्रवाह', बचतीची 'गळती', पैशाचा 'साठा', अर्थशास्त्रज्ञ हे शब्द उपमा म्हणून वापरत होते. जलविद्युत केंद्रावर काम केलेल्या माणसाला ते शब्दशः दिसले. प्रवाह आहे ना, मग पाईप कुठेय? साठा आहे तर टाकी किती मोठी?

मग १९४९ मध्ये क्रॉयडनला, घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये, त्याने पाण्याच्या रूपात देशाचा पैसा फिरताना दाखवणारं मशीन प्रत्यक्ष बनवलं. युद्धातून उरलेल्या बॉम्बर विमानांचे सुटे भाग, पारदर्शक प्लास्टिकच्या टाक्या, पंप, नळ्या, दोऱ्या, पुल्या. वॉल्टर न्यूलिन नावाचा अर्थतज्ज्ञ मित्र मदतीला होता, त्याने लीड्स युनिव्हर्सिटीकडून १०० पौंड मिळवून दिले.

मशीन साधारण माणसापेक्षा उंच, कपाटाएवढं. तळाच्या टाकीतलं रंगीत पाणी पंपाने वर चढतं, ते झालं देशाचं उत्पन्न. तिथून ते खाली पडायला लागतं. वाटेत पहिली फांदी फुटते ती टॅक्सची. उरलेल्यातून दुसरी फांदी बचतीची, ती एका वेगळ्या टाकीत जाते. मधोमध सरळ खाली येतो तो लोकांचा खर्च. बचतीच्या टाकीतून गुंतवणूक होऊन पाणी परत मुख्य धारेत मिसळतं, सरकारी खर्च येऊन मिसळतो, आयातीचं पाणी बाहेरच्या टाकीत जातं, निर्यातीचं आत येतं, आणि सगळं पुन्हा तळाला. गंमत म्हणजे हे पाणी स्वतःच नळ फिरवतं. बचतीच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, पाण्याची पातळी वर गेली की दोरी ओढली जाते, व्याजदर उतरतो आणि गुंतवणुकीची झडप जास्त उघडते. किती उघडायची हे प्लास्टिकच्या एका पट्टीत कापलेल्या खाचेच्या आकारावर ठरतं. लोक व्याजदराला फार दाद देत नाहीत असं वाटलं? पट्टी काढा, वेगळ्या खाचेची लावा. थिअरी बदलायची म्हणजे पट्टी बदलायची, बस. आणि बाजूला कागदावर पेन फिरत राहतं, उत्पन्न कसं चढलं-उतरलं त्याची रेघ ओढत.

आज आपल्याला हे खेळणं वाटेल. पण तेव्हा कॉम्प्युटर एखाद-दुसऱ्या युनिव्हर्सिटीतच होते आणि पाच-सहा गोष्टी एकमेकींवर एकाच वेळी परिणाम करतायत ही समीकरणं हाताने सोडवणं म्हणजे दिव्य. हे मशीन ती सोडवायचं, अगदी अचूक नाही, पण काही टक्के इकडेतिकडे.

२९ नोव्हेंबर १९४९ ला तिथले प्रोफेसर लायोनेल रॉबिन्स यांच्या सेमिनारमध्ये डेमो होता. नापास होता होता वाचलेला एक समाजशास्त्राचा विद्यार्थी, हातात सिगरेट, न्यूझीलंडचा उच्चार, आणि समोर नळ्यांचं जंजाळ. बरेच जण मजा बघायलाच आले होते. पंप सुरू झाला आणि सगळे गप्प. केन्स आणि डेनिस रॉबर्टसन या दोन अर्थतज्ज्ञांमध्ये व्याजदर कशाने ठरतो यावरून बरंच वाजलं होतं, एकाचा जोर साठ्यावर, दुसऱ्याचा प्रवाहावर, आणि इथे दिसत होतं की पातळी आणि धार एकाच टाकीच्या दोन बाजू आहेत. फिलिप्सला तिथेच नोकरी मिळाली. पुढे अशी साधारण १४ मशीन बनली, इस्तंबूल, मेलबर्न, हार्वर्ड, अगदी ग्वाटेमालाच्या सेंट्रल बँकेपर्यंत गेली, आणि अमेरिकेत त्याला 'मोनिआक' हे नाव पडलं. प्रोफेसर जेम्स मीड तर वर्गात एका पोराला अर्थमंत्री करायचे, दुसऱ्याला बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर, एकाच्या हातात टॅक्सचा नळ आणि दुसऱ्याच्या हातात व्याजाचा, आणि सांगायचे की एकमेकांशी न बोलता उत्पन्न स्थिर करून दाखवा. पुढे काय व्हायचं ते आमच्या पाहुण्यांना विचारा.

माझ्या मते फिलिप्सचं खरं काम इथून पुढचं आहे, मशीन ही नुसती पायरी. १९५४ मध्ये त्याने 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये एक पेपर लिहिला, त्यात सरकारला तीन प्रकारे नळ फिरवता येतो असं मांडलं. एक, उत्पन्न हव्या त्या पातळीपेक्षा आत्ता जेवढं कमी आहे, म्हणजे जेवढी तूट आहे, त्या प्रमाणात. दोन, तूट किती दिवस साठत आलीय तिच्या बेरजेनुसार. तीन, परिस्थिती किती वेगाने बदलतेय त्यानुसार. इंजिनिअर मंडळींनी ओळखलं असेल, हा तर सरळसरळ पीआयडी कंट्रोल, कारखान्यातल्या भट्टीचं तापमान ज्याने सांभाळतात तो. फिलिप्सने दाखवलं की नुसता पहिला प्रकार वापरला तर अर्थव्यवस्था पूर्ण जागेवर येत नाही, थोडी तूट उरतेच. दुसरा जोडला तर जागेवर येते पण हेलकावे खायला लागते. तिसरा जोडला तर ते हेलकावे शांत होतात. आणि धोरण ठरल्यापासून परिणाम दिसेपर्यंत जितका उशीर जास्त तितका जोरात फिरवलेला नळ जास्त नुकसान करतो, चांगल्या हेतूने फिरवला तरी.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. होमलोनवाल्यांना ईएमआयचा मेसेज लगेच आला, पण भाजीवाल्याच्या वजनकाट्यापर्यंत तो परिणाम पोचायला कित्येक महिने जातात, आणि तोवर टीव्हीवर दोन्ही बाजूंची भांडणं चालू, एक म्हणतो काही उपयोग झाला नाही अजून वाढवा, दुसरा म्हणतो मारून टाकलं मार्केट. दोघंही पाईपमधलं पाणी मोजत नाहीत.

आता तो कर्व्ह. १९५८ मध्ये त्याने ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे घेतले, एका बाजूला बेरोजगारी, दुसऱ्या बाजूला मजुरी दरवर्षी किती टक्के बदलली. लक्षात घ्या, महागाई नाही, मजुरी. पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांचे गट करून सरासरीचे सहाच ठिपके काढले आणि त्यांच्यातून वाक काढला. मग १९४८ नंतरचे आकडे त्याच वाकावर ठेवून बघितले तर बरेचसे त्याच्या आसपास बसले, मधे कित्येक दशकांचं अंतर असून. त्याचा हिशोब असा होता: उत्पादकता वर्षाला २ टक्के वाढते धरली तर किमती स्थिर ठेवायला बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या जरा खाली लागेल, आणि मजुरीच स्थिर ठेवायची तर साडेपाच. हे काम त्याने घाईत उरकलं होतं आणि त्याला स्वतःला त्याचं फार कौतुक नव्हतं असं त्याला ओळखणारे सांगतात.

पण १९६० मध्ये सॅम्युएलसन आणि सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेचे आकडे घालून, मजुरीच्या जागी महागाई ठेवून, तो हॉटेलच्या मेन्यू कार्डासारखा मांडला, की बघा, इतकी महागाई चालत असेल तर इतकी बेरोजगारी मिळेल. त्यांनी सोबत इशारेही दिले होते, पण मेन्यू कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतं! पुढे मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या आणखी दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी त्याला सुरुंग लावला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. दरवर्षी महागाई वाढणार हे कामगाराला एकदा कळलं की तो पगार मागताना ते धरूनच मागणार, म्हणजे अख्खी रेषाच वर सरकणार आणि महागाई राहील पण रोजगाराचा फायदा विरून जाईल. ७० च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या, महागाई आणि बेरोजगारी हातात हात घालून वाढल्या, आणि 'फिलिप्स कर्व्ह' हा शब्द टिंगलीचा झाला.

आता खरी गंमत. लोक भविष्यातल्या महागाईचा अंदाज कसा बांधतात हे समीकरणात कसं बसवायचं, हा प्रश्न फ्रीडमनने १९५२ मध्ये लंडनच्या एका बागेत बाकावर बसून एका ओळखीच्या माणसाला विचारला होता. त्या माणसाने पाकिटाच्या मागच्या बाजूला सूत्र लिहून दिलं: गेल्या वेळचा अंदाज जितका चुकला त्यातला काही भाग यंदाच्या अंदाजात घाला. ते सूत्र फ्रीडमनचा विद्यार्थी फिलिप केगन याने वापरलं आणि पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांनी वापरलं. पाकिटावर लिहून देणारा अर्थातच बिल फिलिप्स. म्हणजे ज्या अंदाजाच्या मुद्द्यावरून त्याचा कर्व्ह पाडला तो मुद्दा गणितात बसवायची रीत त्याच्याच हातची होती, आणि ती कर्व्हच्या सहा वर्षं आधीची. हा किस्सा स्वतः फ्रीडमननेच सांगितलाय.

हा माणूस भांडायला काही आला नाही. १९६७ मध्ये लंडनची मानाची खुर्ची सोडून तो कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गेला, अट अशी घालून की अर्धा वेळ चीनचा अभ्यास करणार. काही वर्षांतच पक्षाघाताचा झटका आला आणि तो घरी, न्यूझीलंडला, ऑकलंडला परतला. मार्च १९७५ मध्ये गेला, वय साठ. त्या वर्षी ब्रिटनमधली महागाई २४ टक्क्यांवर होती आणि बेरोजगारीही वाढत होती. शेवटच्या दिवसांत तब्येत साथ देत नसताना तो ऑकलंड युनिव्हर्सिटीत एक वर्ग घ्यायचा. विषय महागाई नव्हता, बेरोजगारी नव्हता, मशीनही नव्हतं. जावाच्या कॅम्पमध्ये ज्या देशाची भाषा शिकला होता त्या चीनची अर्थव्यवस्था शिकवायचा.