न कापता पाडलेली फट

एखाद्या रेणूतून वीज किती वाहते हे मोजायचं, तर त्याच्या दोन्ही टोकांना तार जोडावी लागते. डीएनएच्या दुपेडी धाग्याची जाडीच मुळी 2 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढ्याशा मापाची फट तारेत पाडायला पातं आणणार कुठून? इलेक्ट्रॉनांच्या झोताने बारीक कोरकाम होतं, पण ते महागडं आणि वेळखाऊ.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिरकिन यांच्या गटाने 2005 मध्ये उलटा विचार मांडला. तार आधी घडवून मग कापायची नाही. घडवतानाच फटीची जागा राखून ठेवायची. या पद्धतीला 'ऑन-वायर लिथोग्राफी' म्हणतात. ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, चकतीत सरळ, अतिसूक्ष्म छिद्रं असतात. विजेच्या साहाय्याने त्या छिद्रांत आधी सोनं चढवायचं, त्यावर निकेलचा पातळ थर, वर पुन्हा सोनं. किती विद्युतभार सोडला, त्यावर थराची जाडी ठरते. म्हणजे फटीचं माप पात्याच्या धारेवर अवलंबून नाही, वीज कधी थांबवली यावर आहे. हे मला सगळ्यात आवडलं.

मग चकती अल्कलीत विरघळवायची. सुट्या झालेल्या तारा काचेवर पसरायच्या, वरून सिलिकाचा लेप द्यायचा आणि त्या नायट्रिक आम्लात टाकायच्या. सोन्याची पारख करणाऱ्या सराफाला पुढचं सांगायला नको: निकेल जातं, सोनं राहतं. पाठीवरच्या सिलिकामुळे दोन्ही तुकडे जागचे हलत नाहीत. त्या पहिल्याच कामात 13 नॅनोमीटरच्या फटीत वीजवाहक पॉलिमर भरून त्यातून वाहणारी वीज मोजली गेली.

जैवसंवेदकांसाठी, म्हणजे प्रथिनासारखे जैविक रेणू ओळखणाऱ्या साधनांसाठी, दुसरा उपयोग निघाला. तारेतले सोन्याचे तुकडे आखूड ठेवले, की त्यांच्या शेजारी-शेजारी चकत्या होतात. त्यांच्यावर लेझर पडला, की फटीपाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि तिथल्या रेणूचा एरवी अगदी क्षीण असणारा रामन संकेत कितीतरी पटींनी वाढतो. (रामन संकेत म्हणजे रेणूवरून विखुरताना रंग किंचित बदललेला प्रकाश; हा परिणाम 1928 मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांना दिसला.) फट जितकी अरुंद तितका संकेत जोरदार, असं कुणालाही वाटेल. याच गटाने 2006 मध्ये वेगवेगळ्या मापांच्या फटी तपासल्या, तेव्हा सर्वांत अरुंद फट अव्वल ठरली नाही. चकतीची जाडी आणि फट यांचा मेळ जमावा लागतो. संवेदक बनवणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडतं, कारण प्रतिपिंडासारखं प्रथिन 10 नॅनोमीटरच्या आसपास असतं. त्याहून अरुंद फटीत ते शिरणार तरी कसं?