संत्र्याची साल आणि डेरिव्हेटिव्ह

फर्स्ट इयरच्या पोरांना मी दरवर्षी विचारतो, एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एक्स जरासा वाढला की त्याचा वर्ग कोणत्या दराने वाढतो, ते किती? अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, टू एक्स. बरं, टू एक्सच का, थ्री एक्स का नाही? आता सगळे गप्प. सीईटीच्या नादात फॉर्म्युले इतके घोटून घेतलेले असतात की त्यामागे एखादं चित्र असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि यात पोरांचा काही दोष नाही, त्यांना ते कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून आधी फरशी. एक-एक फुटाच्या फरश्यांचा १० बाय १० चा चौकोन ११ बाय ११ करायचा तर एका बाजूला १० ची पट्टी, शेजारच्या बाजूला १० ची आणि कोपऱ्यात १ फरशी. दोन पट्ट्या, म्हणून टू एक्स. मग कोपऱ्याचं काय? पट्टी फुटाऐवजी इंचाची घेतली की पट्ट्यांचं क्षेत्रफळ १२ पट कमी होतं पण कोपऱ्याचं १४४ पट, म्हणजे पट्टी जितकी बारीक तितका कोपरा हिशोबातून आपोआप बाद. लिमिट म्हणजे हेच.

आणि मग संत्रं, नागपुरात दुसरं काय आणणार! आर त्रिज्येच्या गोलाचं घनफळ चार तृतीयांश पाय आर क्यूब, त्याचं डेरिव्हेटिव्ह चार पाय आर स्क्वेअर, आणि तेच गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. योगायोग नाही हा. त्रिज्या जराशी वाढली की गोलावर एक पातळ थर चढतो, साल. संत्रं मधोमध कापा, कापलेली बाजू वहीच्या पानावर ठेवून पेनने एकसारखे चार गोल काढा, आता साल सोलून तुकडे त्या गोलांत बसवत जा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, नखाने पटकन सुटते. साधारण चारही गोल भरतात, आणि वहीवरच्या एका गोलाचं क्षेत्रफळ पाय आर स्क्वेअर. (संत्रं थोडं चपटं असतं म्हणून अगदी काटेकोर नाही जमत.) चार पाय आर स्क्वेअर मधला तो चार पोरांनी स्वतःच्या बोटांनी मोजलेला असतो, वर्गभर वास सुटलेला असतो, आणि मला नाही वाटत ते चार वर्षांत कोणी विसरतं.

आकडेही बघा. आतलं फळ ३ सेंटिमीटर त्रिज्येचं आणि साल ३ मिलिमीटर धरली तर क्षेत्रफळ गुणिले जाडी येते ३३.९ घनसेंटिमीटर, सालीचं खरं घनफळ ३७.४. दहा टक्क्यांचा फरक. साल ०.३ मिलिमीटरची केली की ३.३९ विरुद्ध ३.४३, फरक एक टक्क्यावर.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, काढली ती याच धर्तीच्या विचाराने. डेरिव्हेटिव्हसाठी आपण आज लिहितो ती डीवाय बाय डीएक्स ही खूण मात्र जर्मन गणिती लाइबनिझची, १६८४ मध्ये छापलेली.

मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "सर, मग क्यूबचं काऊन नाही जमून राहिलं? एक्स क्यूबचं थ्री एक्स स्क्वेअर येते, पण बाजू तर सहा आहेत ना?" काय सुंदर प्रश्न! मी खडूचा डबा टेबलावर, कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून ठेवला. कोपऱ्यातला डबा वाढला तर तीनच बाजूंनी वाढतो, बाकीच्या तीन भिंतीला आणि टेबलाला चिकटलेल्या. मग म्हटलं, मोजमाप मध्यापासून कर, संत्र्यासारखं. अर्धी बाजू एच धरली की घनफळ आठ एच क्यूब, डेरिव्हेटिव्ह चोवीस एच स्क्वेअर. तिने वहीत एका बाजूचं चार एच स्क्वेअर लिहिलं, सहाने गुणलं, आणि वही शेजारणीकडे सरकवली.