डिंकाचा लाडू आणि गाभण कुत्री

सोनोग्राफीत पाच-सहा पिल्लं दिसली की घरात पहिला प्रश्न निघतो तो हिला आता काय काय खायला घालायचं याचा. आमच्या लॅब्रॅडॉरच्या वेळी शेजारच्या काकू संध्याकाळीच डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू. बाळंतिणीला देतात, मग हिला का नको? लाडू आम्हीच संपवले. त्यात बेदाणे होते, आणि द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात; किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. अर्थात बेदाणे नसते तरी तो लाडू महिनाभर लवकरच आला होता.

अंडं सुटल्यापासून मोजले तर कुत्रीचे दिवस भरतात साधारण ६३. भाद्रपदात रस्त्यावर कुत्र्यांचा धिंगाणा आणि कार्तिक-मार्गशीर्षात गल्लीच्या कोपऱ्यात डोळे मिटलेली पिल्लं, हा हिशेब त्यातूनच येतो. या ६३ दिवसांतल्या पहिल्या पाच आठवड्यांत पोटात वजन म्हणावं असं फारसं वाढतच नाही. महिन्याचा गर्भ जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो. खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांतली. म्हणून ‘दोन जिवांची’ (इथे सहा-सात जिवांची) म्हणून पहिल्याच दिवसापासून ताटली वाढवली, तर ते जादा अन्न पिल्लांकडे न जाता तिच्याच अंगावर चरबी होऊन बसतं. लठ्ठ कुत्रीला व्यायला त्रास होतो, सिझेरियनची वेळ येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर उलट काही जणी दोन-चार दिवस खाण्यावरून तोंड फिरवतात. घाबरायचं कारण नसतं, पण अन्नाला अजिबातच शिवत नसेल तर डॉक्टरांना फोन करावा.

सहाव्या आठवड्यापासून मात्र वाटी वाढवायची, तीही हळूहळू. आमची २५ किलोची. रोजचं ड्राय फूड ३०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून दर आठवड्याला ३०-४० ग्रॅम वाढवत गेलो, शेवटी ४२० वर थांबलो. मूळ खुराकाच्या सव्वा ते दीड पट, एवढीच ही वाढ. वजनही व्यायच्या आधी १५ ते २५ टक्के वाढलेलं असावं. तिचं ३० किलो भरलं. अडचण वेगळीच आली. गर्भाशय इतकं फुगलेलं, की जठराला जागाच उरेना. भूक आहे, पण अर्धी वाटी खाल्ली की ती बाजूला जाऊन धापा टाकत बसायची. मग तेवढंच खाणं चार वेळांना वाटून दिलं.

खायला काय, तर चांगलं पपी फूड सगळ्यांत सोपं. त्यात प्रथिनं, चरबी आणि कॅल्शियम वाढीच्या प्रमाणात असतं. आपल्याकडचं दूध-चपाती या काळात अगदीच तोकडं पडतं: प्रथिनं कमी, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. घरचं चिकन-भात चालेल, पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, त्यामुळे तो आहार डॉक्टरांकडून बसवून घ्यावा. रोज वाटीभर कलेजीही नको. जास्त ‘अ’ जीवनसत्त्वाने पिल्लांचा टाळू फाटलेला निघू शकतो. आणि कच्चं मांस तर या दिवसांत मी घरातच आणणार नाही.

आता कॅल्शियमची बाटली. पिल्लांची हाडं घडायची आहेत, पुढे दूधही यायचं आहे, म्हणून गाभण कुत्रीला रोज दोन चमचे कॅल्शियम पाजणारी घरं मला ठाऊक आहेत. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होऊ शकतो. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. हाडं म्हणजे त्याची कणगीच. रक्तात ते कमी पडलं की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि कणगीतून माल निघतो. बाटलीतून रोज आयतं मिळत राहिलं की या ग्रंथी सुस्तावतात. मग व्याल्यावर दुधावाटे कॅल्शियम भराभर जाऊ लागतं, आणि यांना जागं व्हायला वेळ लागतो.

दुभती जनावरं सांभाळणाऱ्यांना हे नवीन नाही. गाय आटवल्यावर (व्यायच्या आधी दूध काढणं थांबवल्यावर) तिला कॅल्शियम बेताने द्या, नाहीतर व्याल्यावर मिल्क फिव्हर होईल, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरेल, असं गोठ्यात सांगतात ते याच कारणाने. फरक एवढाच, की गाय गार पडते आणि मान कुशीकडे वळवून बसून राहते. कुत्री त्याउलट तापते, धापा टाकते, पाय ताठ होतात, अंग थरथरतं, पुढे झटके येतात. बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, आणि पॉमेरेनियनसारख्या लहान जातीच्या, पिल्लं जास्त झालेल्या आईला. अशा वेळी घरी चमचे पाजत बसू नये. पिल्लं बाजूला करून तिला थेट दवाखान्यात न्यावं. तिथे शिरेतून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवत, कॅल्शियम देतात. व्याल्यानंतर एखादीला डॉक्टर कॅल्शियम सुरू करतातही, पण ते त्यांनी ठरवायचं.

जंताचं औषधही शेवटच्या टप्प्यातच विचारून घ्यावं. आईच्या मांसपेशींत निपचित पडलेल्या गोलकृमींच्या अळ्या या काळात जाग्या होऊन वारेतून पिल्लांत शिरतात. जन्मतःच जंत, तो असा.

शेवटच्या आठवड्यात आम्ही दिवसातून दोनदा तिचा ताप मोजत होतो. एका सकाळी पारा ३७ अंशांवर आला, एरवी ३८ च्या वर असायचा, आणि चारही वाट्या तशाच राहिल्या. पारा असा उतरला की साधारण दिवसभरात कुत्री विते. त्या दिवशी खाण्याचा आग्रह करू नये, फक्त पाणी जवळ ठेवावं. रात्री पहिलं पिल्लू आलं, आणि चोवीस तास उपाशी असलेल्या बाईसाहेबांनी सगळ्यांत आधी काय खाल्लं असेल तर स्वतःची वार. एक-दोन खाऊ दिल्या. बाकीच्या उचलल्या, कारण सगळ्या खाल्ल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागली असती.